हरणांसाठी सोडलेला एकर दोनदा मोडला, तिसऱ्यांदा काय पेरू?

धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावर शेती करणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. ओळख कळू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

घरची जमीन आठ एकर. खालच्या अंगाचे सात एकर मध्यम ते भारी, वरचा एक एकर बरड. वीतभर मातीखाली मुरूम. बरडाला लागून गायरान आणि उघडा माळ. माळावर वीस-पंचवीस हरणांचा कळप, अधूनमधून रोही (नीलगाय), पहाटे मोर आणि तित्तर. सासरे होते तोवर ज्वारीचे शेवटचे दोन तास (ओळी) पाखरांसाठी सोडायचे. त्यांच्या माघारी ताईंनी यंदा बरडाचा अख्खा एकरच रानातल्या जिवांसाठी सोडला. मनात आणखी एक हिशेब होता: इथं त्यांचं पोट भरलं तर खालचं सोयाबीन आणि पुढचा हरभरा वाचेल.

मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ पाहून मृगाच्या पावसावर ज्वारी, बाजरी आणि मक्याचं बी एकत्र करून फेकलं. उगवण छान झाली आणि आर्द्रात एका सकाळी पाहतात तर रान साफ. जुलैच्या शेवटी दुकानातून गुलाबी रंग लावलेलं ज्वारीचं बियाणं आणून दुबार पेरणी केली. रोपं वीतभर झाली, मग मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) वाळत गेला आणि ऑगस्टच्या उघडिपीत उरलंसुरलंही गेलं. आता तिथं गाजरगवत कंबरेला लागलंय. दीर म्हणतात, ट्रॅक्टर घाला आणि हरभरा पेरा, चार पैसे तरी येतील. शेजारी म्हणतात, "जेवायला तुम्ही बोलावता अन् पंगत आमच्या रानात बसते." ताई विचारतात: हस्त नक्षत्र (ऑक्टोबरची सुरुवात) सरायच्या आत तिसऱ्यांदा काय पेरू? ज्वारी, मका की हरभरा? व्हिडिओत सांगतात तसा चुना टाकू का? की हा नादच सोडून देऊ?

ताई,

नाद सोडू नका. पण काय पेरायचं हे ठरवायच्या आधी दोन वेळा नेमकं काय झालं ते पाहू. तुम्ही 'दोनदा फसलं' असं लिहिलंय. मला मात्र तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी कारणं दिसतात आणि दोन्हींवरचा इलाज एक नाही.

पहिली पेरणी उगवली आणि एका रात्रीत गेली. ही खाल्ली गेली. हरणाला, रोह्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पान ओढून तोडतात आणि देठाची टोकं फाटल्यासारखी दिसतात. सशाने खाल्लेलं रोप तिरपं, कात्रीने कापल्यासारखं साफ असतं. रानडुक्कर असतं तर ओळी उकरलेल्या दिसल्या असत्या, कारण त्याला बी आणि मुळं हवी असतात. तुमच्या रानात उकरलेलं काही नव्हतं, माळाच्या कडेने खुरं उमटली होती, म्हणजे हे हरणांचंच काम.

दुसरी पेरणी हरणांनी मोडली नाही. मधला पोंगा वाळतो, बाजूची पानं हिरवीच राहतात, वाळलेला पोंगा ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला कुजल्याचा वास येतो, ही खोडमाशीची खूण. खरिपाची ज्वारी जुलैच्या शेवटी पेरली की खोडमाशी हमखास गाठते. त्यावर ऑगस्टची उघडीप आणि वीतभर माती. अशा मातीत पाऊस आठ-दहा दिवस थांबला तरी ओल संपते. तिथं बियाणं बदलून काही साधलं नसतं, मुळात पेरणीची वेळच चुकीची होती.

पुढे कधीही असं झालं तर अंदाजावर राहू नका. कोंबड्यांसाठी वापरतात ती जाळी आणा, तिचे तीन-चार फूट रुंदीचे दोन-तीन गोल पिंजरे करा आणि पेरणीच्या दिवशीच रानात वेगवेगळ्या जागी खुंट्या ठोकून बसवा. महिन्याने पाहा. पिंजऱ्यात पीक उभं आणि बाहेर नाही, तर जनावरांनी खाल्लं. आत-बाहेर दोन्हीकडे नाही, तर दोष मातीत, ओलीत, किडीत किंवा बियाण्यात शोधायचा. हा खर्च फार नाही आणि त्याने वर्षाचा वाद मिटतो. ज्यांच्या रानात आदल्या वर्षी सोयाबीन होतं आणि त्यात इमॅझेथापायरसारखं तणनाशक मारलं होतं, त्यांनी आणखी एक शंका धरावी: त्याचा अंश मातीत राहिला तर पुढची ज्वारी-बाजरी खुरटते.

आता तुमच्या हिशेबाकडे येते. पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. 'इथं पोट भरलं तर खालचं वाचेल.' जरा आकडे मांडून पाहू. ज्वारीच्या शिफारशीच्या अंतराने, म्हणजे ४५ बाय १५ सेंटिमीटरने, एकरात साधारण ६० हजार रोपं बसतात. वीतभर रोपाचं वजन दोन ग्रॅम धरलं तरी सगळ्या एकराचा हिरवा पाला सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. दुसरीकडे, तीस किलोच्या हरणाला दिवसाला किलोभर कोरडा चारा लागतो, कोवळ्या ज्वारीत तो पाच-सहा किलो होतो. वीस-पंचवीस हरणांचा कळप म्हणजे रोजचे शंभर-दीडशे किलो. तुमचा एकर कोवळा असताना त्यांची एका रात्रीची भूक भागवतो. म्हणून 'एका सकाळी रान साफ' झालं, ताई. त्यात तुमची हयगय नव्हती आणि हरणांचाही दोष नव्हता.

यातून दोन गोष्टी समजून घ्यायच्या. लहान तुकड्यावर खरी अडचण पहिल्या महिना-दीड महिन्याची असते, मग बी कोणतंही असो. आणि एक एकर सात एकरांची राखण करू शकत नाही. चांगला वाढला तरी नाही. उलट रोज रात्री इथं खायला मिळतं हे कळलं की कळप बांधापाशी जास्त वेळ रेंगाळतो. तुमचे शेजारी रागाने बोलले असतील, पण त्यांचं म्हणणं खोटं नाही. देणं वेगळं आणि राखणं वेगळं. खालच्या सात एकरांची राखण तुम्हाला स्वतंत्रपणे करावीच लागेल. बरडाच्या एकराकडून ती अपेक्षा काढून टाका. ती काढली की त्या एकराकडे तुम्हाला मोकळ्या नजरेने बघता येईल.

मग तो एकर कुणासाठी? परदेशातल्या ज्या व्हिडिओंवरून तुम्ही सुरुवात केलीत, त्यातले बहुतेक अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी असतात. तिथं शिकारीचा हंगाम असतो आणि हरणं जमिनीवर यावीत, धष्टपुष्ट व्हावीत म्हणून असे तुकडे पेरतात. ती हरणं जंगलाच्या कडेला राहतात, झुडपांचा पाला खातात. तिकडची बरीच माती आम्लधर्मी, म्हणून चुना. आपल्याकडे माळावरचं हरीण म्हणजे काळवीट. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीचा विचारही करायचा नसतो. काळवीट उघड्या माळावरचं जनावर आहे. मुख्य खाणं आखूड गवत. संकट आलं की लपत नाही, पळतं. म्हणून त्याला लांबवर दिसावं लागतं. डोक्याएवढी दाट ज्वारी किंवा मका हा त्याचा आसरा नव्हे, त्यात आसरा घेतं ते रानडुक्कर. तुमचा मका कणसाला आला असता तर हरणांऐवजी डुकरांचा कळप मुक्कामाला आला असता आणि तिथून खालच्या रानात उतरला असता. लष्करी अळी आणि पाण्याची गरज हे दोन मुद्दे आणखी वेगळे. मका यादीतून काढा, आत्ताही आणि पुढेही.

चुना अजिबात टाकू नका. मराठवाड्यातल्या बहुतेक जमिनी आधीच विम्लधर्मी आहेत, कित्येक ठिकाणी मुरमात चुनखडीचे खडे हाताला लागतात. त्यात चुना घातला तर जस्त आणि लोह पिकाला आणखी मिळेनासं होतं. खात्री हवी तर वीतभर खोलीपर्यंतची माती आठ-दहा ठिकाणांहून घ्या, एकत्र करून अर्धा किलो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. मातीचा अहवाल हातात आला की परदेशी व्हिडिओ पाहायची गरज उरणार नाही.

हरभऱ्याचं सांगते. दीर वाईट सांगत नाहीत, पण वीतभर मुरमाड मातीत कोरडवाहू हरभरा किती येणार हे तेही जाणतात. बी, ट्रॅक्टर, औषध वजा जाता हाताशी फार राहणार नाही. आणि माळाच्या तोंडाशी हरभरा म्हणजे हरणांना थेट आमंत्रण. तुमच्या पलीकडच्या रानातही हरभराच असणार. इथला संपला की ती तिकडे जातील. हरभरा खालीच पेरा आणि त्याच्या चारी बाजूंनी करडईचे पाच-सहा तास घाला, जुनी माणसं घालायची तसे. करडईला काटे धरले की जनावर तोंड घालत नाही. मात्र रोपं लहान असताना ती मऊ असतात, तोवर राखण लागतेच. बांधाला जुन्या साड्या बांधण्याचा उपाय आपल्याकडे सगळीकडे दिसतो. थोडे दिवस चालतो, मग हरणं सरावतात, म्हणून साड्यांची जागा अधूनमधून बदलत राहा. नायलॉनची मासेमारीची जाळी लावू नका, नराची शिंगं त्यात अडकतात आणि जनावर तडफडून मरतं. आणि तारेत करंट सोडायचा सल्ला कुणी दिला तर तिथल्या तिथे नाही म्हणा. तो गुन्हा तर आहेच, आणि मराठवाड्यात अशा तारेने जनावरांबरोबर माणसंही गेली आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. माझं मत असं की त्या एकराचे दोन भाग करा. लहान भागावर या हंगामात पेरा. मोठ्या भागावर यंदा काहीही पेरू नका.

आधी लहान भाग. एकराच्या खालच्या अंगाला, जिथं वाहून आलेली माती साचून थोडी खोली झाली असेल, तिथं रब्बी ज्वारीचा पट्टा. जास्तीत जास्त दहा-बारा गुंठे. ठोकळ्यासारखा चौकोन नको, सहा-आठ तासांच्या लांब पट्ट्या आणि मधे तेवढीच मोकळी जागा, म्हणजे डुकराला दडायला दाटी मिळणार नाही. शेजाऱ्यांच्या बांधापासून जेवढं लांब जमेल तेवढं. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, फुले माऊली हे वाण आहेत. ओल धरणारी मध्यम जमीन असेल तर मालदांडी किंवा परभणी मोती चालते. एकरी चार किलोच्या हिशेबाने दहा गुंठ्यांना किलोभर बी पुरे. या वेळी फेकू नका. तिफणीने पेरा, पाच सेंटिमीटर खोल, वापसा असताना, म्हणजे मातीत बेताची ओल असताना. उत्तरा सरताना ते हस्तात पेरलं तर खोडमाशीचा जोरही ओसरलेला असतो. घाई करून आधी पेरलेल्या रब्बी ज्वारीलाच ती जास्त धरते.

बियाण्याबद्दल मला तुम्हाला अगदी कळकळीने सांगायचंय. दुकानातल्या बियाण्याला जो गुलाबी रंग होता तो बहुतेक कीटकनाशकाच्या लेपाचा होता. खोडमाशीसाठी ज्वारीला असा लेप देतात. शेतात तो दाणा नीट मातीआड गेला तर त्याचा उपयोग आहे. पण पाखरांसाठी सोडलेल्या रानात असं बी वर उघडं पडलं तर मोर, तित्तर, होले ते टिपणार, आणि यातल्या काही औषधांचे मोजके दाणेही लहान पाखराला बाधू शकतात. ज्यांच्यासाठी पेरलं त्यांनाच विष द्यायला नको. घरचं किंवा गावातलं बिनलेपाचं बी घ्या. काणी रोगासाठी किलोला चार ग्रॅम तीनशे मेश गंधक चोळा, बाकी काही नको. थोडी रोपं किडीला गेली तर जाऊ द्या, बाजारात विकायचं पीक नाही हे.

पहिले अडीच-तीन महिने या पट्ट्याचं रक्षण करायचं. तेही हरणांपासूनच! ऐकायला विचित्र वाटेल, पण वर केलेला हिशेब आठवा. नुसतं काटेरी कुंपण हरीण सहज ओलांडतं. म्हणून बोराटीच्या, बाभळीच्या फांद्या पट्ट्याच्या आतच, दोन तासांच्या मधे आडव्या पसरा. पाय ठेवायला काटा लागला की जनावर आत शिरत नाही. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत, धुरीन नावाचं द्रव्य असतं, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं. कोवळी ज्वारी बैलाला लागते ती यामुळेच. रवंथ करणाऱ्या कुठल्याही जनावराला तो धोका आहे, आणि कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना आलेल्या फुटव्यांतही तो असतो. ज्वारी फुलोऱ्यात आली की हा धोका खूप कमी होतो. हस्तात पेरलेली ज्वारी येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) सुमाराला निसवलेली, दाण्यात भरू लागलेली असते. तेव्हा फांद्या काढून घ्या. आंबील शिंपडायला घरची सगळी माणसं रानात असतातच, तासाभराचं काम आहे. कणसं मोडून घरी आणू नका, उभी ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत माळ वाळून जातो तेव्हा होले, तित्तर, चिमण्या याच कणसांवर येतील. सासरे दोन तास सोडायचे, तुम्ही तेच थोडं मोठं करून करताय.

आता मोठा भाग, आणि मला जास्त आशा याच्याकडून आहे. तिथं पीक हवंच हा विचार बाजूला ठेवून पाहा. वीतभर मुरमात दरवर्षी नांगरून, बी टाकून, एका रात्रीत संपणारं काहीतरी उगवण्यापेक्षा त्या जमिनीवर मुळात जे होतं ते परत आणणं शहाणपणाचं आहे. मारवेल, शेडा, पवना, अंजन, डोंगरी ही आपल्या माळाची बहुवर्षी गवतं. त्यांची वाढ बुडातून होते. हरणाने वरचं खाल्लं तरी जोर मुळात असतो आणि एका पावसावर ती पुन्हा फुटतात. ज्वारीच्या रोपाला ही सोय नाही. एकदा जम बसला की दरवर्षीचं बियाणं नाही, ट्रॅक्टर नाही, मातीही वाहून जात नाही. गवताच्या बुडाला लावे, तित्तर घरटी करतात, ससे राहतात. आपण माळाला पडीक म्हणतो, सातबाऱ्यावरही तसंच लिहितो, आणि मग तिथं काहीतरी 'लावायला' धावतो. या भागातल्या माळरानांवर एकेकाळी माळढोक असायचा. तो मोठ्या प्रमाणात गेला त्यामागे शिकारीबरोबर अशी उघडी गवताळ रानं नांगराखाली, झाडांखाली गेली हेही कारण होतं.

यंदा तिथं करायचं काम एकच, गाजरगवत काढणं. ट्रॅक्टर घालू नका. माती हलली की त्याचं पडलेलं बी वर येतं आणि पुढच्या पावसात दुप्पट उगवतं. ओल आहे तोवर उपटा, फुलावर आलेलं आधी. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, अंगाला खाज आणि दमा होतो. फुलं न धरलेलं उपटलेलं गवत खतासाठी कुजवता येतं. उपटलेल्या जागी तरोट्याचं बी शिंपडा, पुढच्या पावसाळ्यात तरोटा दाट उगवून गाजरगवताला दाबतो. बोराटीची आपोआप आलेली झुडपं मात्र तोडू नका. बोरं पिकली की हरणं, कोल्हे, पाखरं सगळेच येतात. वेडी बाभूळ उगवली असेल तर लहान असतानाच मुळासकट काढा. हरणं तिच्या शेंगा आवडीने खातात हे खरं, पण बी लेंड्यांतून सगळीकडे पसरतं आणि काही वर्षांत उघडा माळ काट्याचं रान होतो.

गवत लावायचं ते पुढच्या जूनमध्ये, तेही एकदम सगळं नाही. पहिल्या वर्षी पंधरा गुंठे, दुसऱ्या वर्षी उरलेलं. दोन चांगले पाऊस झाले की मारवेलचे मुळासकट ठोंब दीड फूट बाय एक फुटावर लावा. लावलेल्या भागात पहिला पावसाळा काटेरी फांद्या ठेवा, तोवर बाकीचं रान उघडं असेलच. मधल्या जागेत थोडा स्टायलो टाका, शेंगवर्गीय असल्याने मातीला नत्र देतो. त्याच्या बियांची साल कठीण असते, म्हणून गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून, सुकवून मग टाकायचं. वरच्या कडेला दोन-तीन तास राळ्याचे घाला, पाखरं फार आवडीने खातात आणि तो लवकर तयार होतो.

दिरांशी बोलताना भावनेपेक्षा चाऱ्याची बाजू मांडा, ती खरीच आहे. गवताचा जम बसल्यावर दरवर्षी एक तृतीयांश भाग नोव्हेंबरात कापून घरच्या जनावरांना घेता येईल, दोन भाग उभे ठेवायचे, आणि पुढच्या वर्षी कापायचा भाग बदलायचा. दुष्काळात कडब्याचे भाव कुठे जातात हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्यांच्याकडून तीन वर्षांची मुदत मागा. तीन वर्षांत गवत धरलं नाही तर एकर त्यांचा. माझ्या मते ही मागणी रास्त आहे आणि ते ऐकतील. मात्र घरखर्च त्या एकरावर अडत असेल, मुलांची फी त्यातून जात असेल, तर हे सगळं फक्त दहा गुंठ्यांवर करा. दहा गुंठे गवतही पाखरांसाठी पुष्कळ असतं, आणि घर ओढाताणीत टाकून केलेलं दान टिकत नाही.

शेजाऱ्यांकडे तुम्ही स्वतः जा. त्यांनी बोलून दाखवलंय, म्हणजे दार अजून उघडं आहे. या वर्षी हरभरा वर पेरत नाही, ज्वारी तुमच्या बांधापासून लांब ठेवते, तुम्हीही करडईचे तास घाला, आणि जागल लागली तर दोन्ही घरांनी वाटून घेऊ, असं सांगा. नुकसान झालंच तर वन विभागाकडून भरपाई मिळते. तक्रार लगेच, दोन-तीन दिवसांच्या आत, वनरक्षक किंवा वनपालाकडे द्यायची, फोटो काढायचे, आणि पंचनामा होईपर्यंत रान तसंच ठेवायचं. बरेच जण आठवडा घालवतात आणि मग काही हाती लागत नाही. पहिल्या वेळी त्यांच्याबरोबर तुम्हीच अर्ज घेऊन गेलात तर त्यांचा निम्मा राग निवळेल. अर्ज दोघांच्याही नुकसान झालेल्या पिकासाठी करा, पण खाण्यासाठी सोडलेल्या एकराचं नुकसान त्यात घालू नका.

दोन गोष्टी पत्रात नव्हत्या, पण विचारते. त्या बाजूला विहीर आहे का, आणि तिला कठडा आहे का? उघड्या विहिरीत रात्री हरणं पडतात, आणि आपण खायला बोलावलेल्या कळपाच्या वाटेवर उघडी विहीर असणं बरं नाही. कमरेएवढा कठडा किंवा निदान मजबूत काटेरी वेढा आधी करा, पेरणी मग. दुसरं पाणी. एप्रिल-मेमध्ये माळावरच्या जिवांना चाऱ्याइतकीच पाण्याची ओढ असते. ठेवलंत तर जमिनीलगत उथळ ठेवा, एका बाजूने उतार करा म्हणजे पिल्लं आणि पाखरं बुडणार नाहीत, आणि वस्तीपासून लांब ठेवा, कारण हरणांच्या पाडसांना सगळ्यात जास्त धोका गावातल्या मोकाट कुत्र्यांचा असतो.

आणि येत्या महिना-दीड महिन्यातलं एक काम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुमच्याच बांधावर, ओढ्याच्या काठाला मारवेल बियांवर येईल. बोटांसारखे फाटलेले जांभळट तुरे असतात, गावात गुरं राखणारी म्हातारी माणसं लगेच ओळखून देतील. तुरा हातात चोळला की बी सुटायला लागेल तेव्हा ते ओढून घ्या, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरून ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, जूनपर्यंत ठेवलेलं चांगलं उगवतं. ओल्या मातीत आणि शेणात मिसळून त्याच्या गोळ्या करून टाकायच्या, खोल पुरायचं नाही. कुसळी गवताचं बी त्यात येऊ देऊ नका. ते कोवळं असताना जनावरं खातात, पण वाळलं की कुसळं तोंडात रुततात. पंधरा गुंठ्यांना पुरेल एवढं बी दोन-तीन बायकांनी मिळून दोन सकाळी गोळा होईल, आणि ठोंब कुठे मोठे आहेत तेही त्याच फेरीत हेरून ठेवा.